सहा आठवडे उघडलेली बाटली

९ ऑक्टोबर, शुक्रवार

आज बाटली घेतली. दुकानात माझ्यामागे उभ्या असलेल्या गृहस्थाने फार आपुलकीने विचारलं, "मिस्टरांसाठी?" मी म्हटलं, "मिस्टर नाहीत." त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "सॉरी. मग भावासाठी असेल." मी म्हटलं, "भाऊही नाही. माझ्यासाठी आहे. आणि तुमच्या हातात आहे ती फार गोड निघते, परत ठेवा." त्याने ठेवली. एकसष्ट वर्षांची झाल्याचा एवढा एक फायदा आहे, लोक ऐकतात.

बाटलीचं नाव इथे लिहीत नाही, कारण ते मला उच्चारता येत नाही. दुकानदारही दर वेळी वेगळंच उच्चारतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या एका बेटावरची सिंगल माल्ट आहे, म्हणजे एकाच डिस्टिलरीतली, दुसरीकडची भेसळ-मिसळ नाही. पिंपातून काढली तशीच भरलेली, पाणी घालून सौम्य न केलेली. सत्तावन्न पूर्णांक सहा टक्के. मी तिला बेटवाली म्हणणार.

ही बाटली नुसती प्यायला आणलेली नाही. दुकानदाराचं पाच जणांचं एक मंडळ आहे. दर वर्षी स्कॉटलंडहून सात-आठ पिंपांचे नमुने येतात, आणि हे पाच जण वास घेऊन, चव घेऊन त्यातलं एक पिंप निवडतात. तीच व्हिस्की मग वर्षभर दुकानात विकली जाते. मंडळातले पियानो दुरुस्त करणारे काका मुलाकडे राहायला गेले आणि एक खुर्ची रिकामी झाली. ती खुर्ची मला हवी आहे. पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत मी चौतीस वर्षं होते. रोज सकाळी अकराला शहरभरातलं पाणी माझ्यापुढे ओळीने मांडलेलं असायचं. वास, चव, गढूळपणा, तिन्हीवर माझी सही. एप्रिलमध्ये निवृत्त केलं, हातात भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि माझं नाक माझ्याबरोबर घरी पाठवून दिलं. आता ते दूध नासायला आलंय एवढंच सांगतं. मला एवढ्यावर भागवायचं नाही.

मंडळाचा नियम मला पटला. उमेदवाराने स्वतः निवडलेली बाटली आणायची, पण ती किमान सहा आठवडे उघडून घरात राहिलेली हवी. पहिल्या घोटावर कुणीही भाळतं, असं दुकानदार म्हणतो. उघडल्यावर हवा लागून व्हिस्की हळूहळू बदलते, आणि ते बदलणं ज्याने पाहिलं त्यालाच ती कळते. माझी परीक्षा ५ डिसेंबरला, शनिवारी, सकाळी अकरा वाजता.

पैसे देताना दुकानदार म्हणाला, "मॅडम, उभी ठेवा. वाइनसारखी आडवी टाकलीत तर बूच खाऊन टाकेल."

१० ऑक्टोबर

ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, वय अडुसष्ट. भावजी वारले त्याला एकोणीस वर्षं झाली, तेव्हापासून ती माझ्याकडे असते. भावजी बस डेपोत टाइमकीपर होते आणि स्वतः कधी वेळेवर घरी आले नाहीत. प्यायचे. या विषयावर आमच्या घरात एकच वाक्य आहे आणि ते आईपासून चालत आलंय: माणूस सोन्यासारखा, बाटलीने वाट लावली. हॉलमध्ये शोकेसवर त्यांचा फोटो आहे. फोटोत ते खरोखरच सोन्यासारखे दिसतात.

ताई त्या दुकानावरून कधी जात नाही. चौकात आली की रस्ता ओलांडते, समोरच्या फुटपाथने जाते, दुकान मागे पडलं की परत ओलांडते. गुडघ्यांना परवडत नाही, तरी.

तिने बाटली बघितली. भाजी चिरत होती, ती चिरत राहिली. मग म्हणाली, "घरात आणलीस."

"आणली. माझं घर आहे."

हे बोलायला नको होतं. बोलले.

"बाटली ती बाटली," ताई म्हणाली.

"अगं, भावजी जे प्यायचे त्याचा आणि हिचा काडीचा संबंध नाही. वास तरी घेऊन बघ."

"त्या वासात मी बावीस वर्षं काढलीत. तू मला वास शिकवू नकोस."

मग अट घातली. बाटली हॉलमध्ये दिसता कामा नये. त्यांच्यासमोर नको. मी म्हणणार होते की त्यांना तर आनंदच होईल, पण तिचं तोंड बघून गप्प बसले. पाण्याचे नमुने न्यायची प्रयोगशाळेतली जुनी लाकडी पेटी मी येताना मागून आणली होती, तिच्यात बाटल्या उभ्याच राहतात. बेटवाली त्या पेटीत, पेटी माझ्या खोलीत, पलंगाशेजारी. माझी माघार एवढीच. याहून एक पाऊल नाही.

११ ऑक्टोबर, रविवार

सकाळी अकराला उघडली. चहा होऊन दोन तास झालेले, जेवण व्हायचंय, अशा वेळी नाक सगळ्यात ताजं असतं. नेमकी खालच्या मजल्यावरची बाई टाकी कधी धुणार ते विचारायला आली. "सकाळी सकाळी?" म्हणाली. मी म्हटलं, "रात्री नाक झोपलेलं असतं." दुपारपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं असेल. कळू दे.

मापाने वीस मिलिलिटर. ग्लास आधी छातीशी, मग हनुवटीशी, मग नाकाशी. एकदम नाक खुपसलं की ते बधिर होतं. जखमेवर लावायचं औषध. ओला दोरखंड. विझलेली शेकोटी. घोट घेतला आणि जीभ चरचरली, डोळ्यांत पाणी आलं. मग ड्रॉपरने सहा थेंब पाणी घातलं, थांबले, परत घेतली. धुरामागे पिकलेला पेअर होता, अगदी स्वच्छ. पाण्याला चव नसणं हा पाण्याचा गुण, असं मी चौतीस वर्षं लिहीत आले, आणि त्याच पाण्याचे सहा थेंब ही कुलूपबंद बाई उघडून दाखवतात. मी एकटीच हसत होते. ताई दारात उभी होती. मी बघितल्यावर निघून गेली.

रिकामा ग्लास धुवायचा नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरड्या ग्लासाचा वास घ्यायचा. तोवर अल्कोहोल उडून जातं आणि पिंपाच्या लाकडाचा वास तेवढा मागे राहतो.

१२ ऑक्टोबर

ताईने ग्लास धुऊन टाकला. मोठं भांडण. शेवटी ठरलं की माझ्या ग्लासाला तिने हात लावायचा नाही.

१५ ऑक्टोबर

कोरड्या ग्लासात जुन्या कपाटाचा वास आला. खूश झाले. ग्लास मी खिडकीत पालथा ठेवला होता, तो सुलटा सापडला. ताई म्हणते, धूळ पुसत होते. धूळ पुसताना ग्लास सुलटा कसा होतो? असो.

२० ऑक्टोबर

दुकानात मंडळातले दोघे भेटले. एक दाताचे डॉक्टर, अत्यंत सभ्य, वाक्याआधी 'माफ करा' म्हणणारे. दुसरे कॅप्टन, मालवाहू जहाजावरून निवृत्त. स्कॉटलंडच्या एका बंदरात ते एकदा चार दिवस होते आणि ते चार दिवस गेली सव्वीस वर्षं सांगत आहेत.

कॅप्टन म्हणाले, "बायकांना गोडसर बरं पडतं. शेरी वाइनच्या पिंपातली घ्यायची होतीत."

"मला धुराची आवडते."

"आवडते, की आवडली पाहिजे म्हणून आवडते?"

मी म्हटलं, "५ डिसेंबरला सांगते." उत्तर ठसक्यात दिलं, पण घरी येईपर्यंत प्रश्न डोक्यातून गेला नाही. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, म्हणून लिहिते. मला खरंच आवडते? की ताईला चालत नाही म्हणून? की त्या पाच खुर्च्यांवर आजवर एकही बाई बसली नाही म्हणून? पेटी उघडून नुसत्या बुचाचा वास घेतला. आवडते. बाकीची कारणंही आहेत आणि ती मी नाकारणार नाही.

खोलीत गेले तेव्हा ताई आत होती. म्हणाली, पडदे काढायला आलेय, धुवायचेत. पडदे अजून जागेवरच आहेत.

२९ ऑक्टोबर

ताईचा खोकल्याच्या औषधाचा छोटा स्टीलचा चमचा दोन दिवस सापडत नव्हता. माझ्या खिडकीत निघाला. मीच नेला असणार. एकसष्टीतच असं व्हायला लागलं तर कठीण आहे.

बेटवाली बदलतेय. जिभेवरचा चरचराट कमी झाला. हवा लागून खुलणं म्हणतात ते हेच. आता मला ड्रॉपर फारसा लागतच नाही. दुकानदाराला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "इतक्या लवकर?" मी म्हटलं, "माझं नाकही तयार होतंय, तेही धरा."

४ नोव्हेंबर

ताई विचारते, "ही उघडल्यावर किती दिवस टिकते?" म्हटलं, "वर्षभर." म्हणाली, "मग घाई नाही." कसली घाई? म्हणाली, "तुझी गं. परीक्षेची."

ती हल्ली भांडत नाही. मला चुकल्या-चुकल्यासारखं होतं.

१२ नोव्हेंबर

बाटलीच्या कागदावर मी प्रत्येक वेळी पेन्सिलीने रेघ मारते. सरकारी सवय. आठवड्याला दोनदा, वीस वीस मिलिलिटर. पातळी रेघेशी तंतोतंत जुळते, एक थेंब इकडेतिकडे नाही. असं काम हवं. रंग मात्र थोडा उतरल्यासारखा वाटतो. खिडकीतला उजेड बदललाय.

१९ नोव्हेंबर

जेवताना ताईला सांगत होते की पेअर आता पुढे आलाय. ताई म्हणाली, "आणि धूर मागे गेलाय. आधी घशाशी बसायचा, आता जिभेच्या टोकावरूनच परत फिरतो."

माझा हात थांबला. "तुला काय माहीत?"

"तूच दिवसभर बडबडतेस."

असेल. पण मी जिभेच्या टोकाबद्दल बोलल्याचं आठवत नाही. वहीत मागे चाळून पाहिलं, लिहिलेलंही नाही. तरी मुद्दा उत्तम आहे. ५ तारखेला वापरणार.

२८ नोव्हेंबर

थंडी पडली. सकाळी पेटी उघडली तर बाटली धुरकट दिसली. चष्मा पुसला, तरी तशीच. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, पण ती १० तारखेची मिळाली. तोवर आहे त्या डोळ्यांनी भागवायला हवं.

५ डिसेंबर, शनिवार

दुकानाच्या मागच्या खोलीत लांब टेबल, पांढरा कागद अंथरलेला, प्रत्येकापुढे एक ग्लास. मी स्वतः ओतली. भाषण पाठ होतं. पहिलं वाक्य झालं आणि दाताच्या डॉक्टरांनी ग्लास खिडकीसमोर धरला. म्हणाले, "माफ करा, ही गढूळ आहे."

गढूळ. माझ्या खात्याचा शब्द. मी जन्मभर इतरांच्या पाण्यावर मारलेला शिक्का.

मी म्हटलं, "ही गाळून चकचकीत केलेली नसते. थंडीत धुरकट होणारच."

कॅप्टन म्हणाले, "शेचाळीस टक्क्यांच्या खाली गेली तर होते. तुमची सत्तावन्न आहे ना? मॅडम, यात पाणी आहे." आणि वर, "चौतीस वर्षं पाण्याची चव घेतलीत आणि पाणी ओळखलं नाहीत?"

ते बरोबर होते. शेचाळीसचा नियम मलाही ठाऊक होता, आणि ते बोलले त्या क्षणी मलाही चव कळली. दुकानदार टेबलाकडे बघत होता. मी बूच लावलं, बाटली पिशवीत टाकली आणि आले. लाज वाटली. असली लाज मला नोकरीत एकदाही वाटली नव्हती.

घरी येऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर शंभर मिलिलिटर तोलली. ब्याण्णव ग्रॅमच्या आत भरायला हवी होती, पंच्याण्णव भरली. हिशेब केला. एकोणचाळीस टक्के.

६ डिसेंबर

झोप नाही. विचार स्वच्छ आहे. घरात दोनच माणसं. मी पाणी घातलं ते ग्लासात, बाटलीत नव्हे. ताई तर बाटलीच्या सावलीला उभी राहत नाही. म्हणजे पाणी दुकानातच घातलेलं होतं. पहिल्या दिवशी जीभ चरचरली ती मला सवय नव्हती म्हणून. सील तोडताना ते जरा सैलच वाटलं होतं, आता आठवतं.

या दुकानदाराकडे मी पहिल्यांदा गेले ती त्याच्या गल्लीतल्या गढूळ पाण्याच्या तक्रारीवरून. नमुना घेताना त्याने विचारलं, "मॅडम, हे पाणी व्हिस्कीत चालेल का?" मी म्हटलं, घालून बघितल्याशिवाय कसं सांगू. तिथून सुरुवात. निवृत्तीनंतर ज्याच्याशी मी मनापासून बोलते असा तो एकटा माणूस आहे. म्हणूनच राग अनावर होतोय. पाच पानी पत्र लिहिलं आहे. मंडळासमोर वाचणार आणि मग परवाना देणाऱ्या कचेरीत देणार.

ताईला वाचून दाखवलं. तिने दूध उतू जाऊ दिलं. म्हणाली, "त्या माणसाचं काय होईल?"

"दुकान बंद होईल. व्हायलाच हवं."

"त्यानेच केलं, हे नक्की?"

"मग कुणी केलं, भावजींनी?"

ताई उठून गॅलरीत गेली. थंडीत अर्धा तास उभी होती.

८ डिसेंबर, मंगळवार

सकाळी अकराला मंडळातल्या सगळ्यांना दुकानात बोलावलं होतं. उभी राहून पत्र वाचलं, पाचही पानं. दुकानदाराने मध्ये एकदाच तोंड उघडलं. "मॅडम, तुम्ही मला ओळखता."

"पाण्याला ओळख नसते, मोजमाप असतं," मी म्हटलं. हे वाक्य घरून ठरवून आणलं होतं.

तेवढ्यात बाहेरच्या दाराची घंटी वाजली आणि ताई आत आली. घरातल्या चपला, खांद्यावर शाल, हातात भाजीची पिशवी. मी माझ्या बहिणीला त्या उंबऱ्याच्या आत बघत होते. दुकानदाराने खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. पिशवीतून खोकल्याच्या औषधाचा चमचा काढून तिने टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर ठेवला.

"यांचा काही दोष नाही. मी रोज एवढी घेत होते आणि एवढंच पाणी भरत होते. एकवीस ऑक्टोबरपासून."

कॅप्टन म्हणाले, "आजी, रोज?"

"तुमची आजी नाही मी. रोज. ही सकाळी वाचनालयात गेली की."

दाताचे डॉक्टर म्हणाले, "माफ करा, पण मग ती कसकशी बदलत गेली, ते सांगाल?"

आणि ताईने सांगितलं. पहिले पाच दिवस नुसती आग, बाकी काही हाती लागत नाही. मग औषधाचा वास, पण चव तशी नाही. तिसऱ्या आठवड्यात धूर मागे. मग एक फळ, ही त्याला पेअर म्हणते, मला उकडलेल्या सफरचंदाजवळचं वाटतं. शेवटच्या आठवड्यात मधाचं भांडं विसळलेलं पाणी. "पण फळ गेलं नाही," ताई म्हणाली. "एवढं पाणी घातलं तरी ते राहिलं." कॅप्टन माझ्याच पत्राच्या पाठीमागे भराभरा लिहून घेत होते.

मी दुकानदाराची माफी मागितली. उभी राहून, सगळ्यांसमोर, कारण आरोपही सगळ्यांसमोर केला होता. तो ताईकडे वळून म्हणाला, "पाणी कुठलं घातलंत?"

"नळाचं. उकळून गार केलेलं."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. सगळे हसले. मी नाही.

परत येताना ताईने रस्ता ओलांडला नाही, दुकानाच्या बाजूच्याच फुटपाथने चालली.

९ डिसेंबर

सकाळी तिला विचारलं. "मागितली असतीस तर दिली नसती का मी?"

"मागितली असती तर तू शिकवत बसली असतीस. मला शिकायचं नव्हतं. शोधायचं होतं."

"काय?"

"माणूस सोन्यासारखा, बाटलीने वाट लावली. आई म्हणायची, तू म्हणतेस, मीही म्हणत आले. म्हटलं, आता बाटली घरात आलीच आहे तर बघू तरी, काय असतं हिच्यात. रोज एक चमचा घ्यायचे आणि तुझ्या पलंगावर बसून वाट बघायचे. आता काहीतरी फोडावंसं वाटेल. आता तोंडात शिव्या येतील. काही नाही गं. बरं वाटायचं. चमचा झाला की बूच लावायचे."

मी म्हटलं, "ताई, सगळ्यांना बूच लावता येत नाही. काही जणांचा तो आजारच असतो. एका चमच्यावरून तू..."

"माहीत आहे मला. आजार होता त्यांना. संध्याकाळचं सगळं मी आजाराच्या नावावर सोडते." ती उठली, कपाटातल्या कपड्यांच्या खालून एक घडी पडलेला कागद घेऊन आली. शिलाई मशीन विकल्याची पावती. ताई शाळांचे गणवेश शिवायची, घर त्यावर चालायचं. तिचं ऑपरेशन झालं, ती दवाखान्यात होती, आणि घरी आली तर मशीन नव्हती. भावजी पाया पडून रडले होते. दारूने करवलं म्हणाले होते. हे सगळं आम्हाला माहीत होतं. पावती मी पहिल्यांदा बघत होते.

"सही बघ," ताई म्हणाली.

सही एका रेषेत. अक्षर मोत्यासारखं. सहीखाली त्यांनी तारीख घातली होती आणि तारखेपुढे वेळ, टाइमकीपरच्या सवयीने. सकाळी दहा पस्तीस.

"सकाळी ते घेत नव्हते. ड्युटीच्या आधी कधीच नाही, बावीस वर्षांत एकदाही नाही. मशीन शुद्धीत विकली. हा कागद माझ्याकडे इतकी वर्षं आहे आणि मी तो वाचत नव्हते. बाटलीवर ढकललं की सोपं जायचं. माणूस तरी चांगला उरायचा."

मी रडले. ताई नाही रडली. मला त्या मेलेल्या माणसाचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण ते 'माणूस सोन्यासारखा' हे वाक्य मी तिच्या तोंडावर किती वेळा म्हटलंय त्याला सुमार नाही. तिच्या दुःखावर बोळा फिरवायला ते बरं पडायचं.

१० डिसेंबर

डोळे ठणठणीत आहेत.

१४ डिसेंबर

दुकानदाराचा फोन. म्हणाला, मंडळ पुन्हा ऐकायला तयार आहे, नवी बाटली उघडा, जानेवारीअखेर या. मी म्हटलं, जानेवारी नको, या शनिवारी येते. आणि नवी बाटली नको.

१९ डिसेंबर, शनिवार

तीच बाटली घेऊन गेले. तशीच धुरकट. भाषण पाठ नव्हतं. जे बोलले ते साधारण असं:

"ही बाटली मी निवडली आणि माझ्या बहिणीने तपासली. आणली तेव्हा सत्तावन्न पूर्णांक सहा टक्के होती, आज एकोणचाळीस आहे. पाणी आमच्या नळाचं आहे, त्याची हमी मी देते. ते मी ओळखलं नाही, कारण बाटली मऊ होत होती आणि मला वाटत होतं माझं नाक मोठं होतंय. ती चूक माझी, आणि तुमच्यातल्या कुणालाही ती होऊ शकते, कारण तुम्हालाही स्वतःचं नाक आवडतं. पण मी निवडलेलं चुकलेलं नाही. रोज एक चमचा ओरबाडून त्या जागी पाणी भरलं तरी हिचं फळ गेलेलं नाही. चाखून बघा. दिसायला नितळ आणि पाण्याच्या थेंबाने विस्कटणारी हवी असेल तर खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या, मला राग येणार नाही."

शेवटचं खोटं होतं. आला असता.

सगळ्यांनी चाखली. हात वर करून मतं झाली, तीन विरुद्ध एक. पहिला हात कॅप्टनचा वर गेला. विरोधात दाताचे डॉक्टर, 'माफ करा' म्हणून. खुर्ची मला मिळाली. जरा डुगडुगते, पायाखाली घडी घालून कागद लावावा लागेल.

घरी आले तर ताई हॉलमध्ये स्टूल घेऊन उभी.

"मिळाली?"

"मिळाली."

"मग ती बाटली कशाला कोंडून ठेवायची? बाहेर आण, शोकेसवर ठेव."

"ऊन लागतं तिथे. उन्हाने खराब होते."

"पडदा ओढते. आधी तो फोटो उतरव, माझा हात पुरत नाही."

मी स्टुलावर चढले. फोटो काढल्यावर शोकेसवर धुळीची चौकट राहिली, ती ताईने शालीच्या टोकाने पुसली. मी पेटीतून बाटली आणून तिथे ठेवली. तिने ती जरा सरकवून मधोमध केली आणि दोन पावलं मागे जाऊन बघितली.

"हा कुठे ठेवू?" मी विचारलं. फोटो अजून माझ्या हातात होता.

"तुझी ती पेटी रिकामी झाली ना आता."

पेटी बाटलीच्या उंचीची आहे. फ्रेम तिच्याहून चार बोटं उंच. उभी घातली तर झाकण बसेना, तिरकी केली तरी बसेना. मी खटपट करत होते, ताई दारातून बघत होती.

"आडवा टाक," ती म्हणाली. "त्याला काही होत नाही."

फोटो आडवा ठेवला आणि झाकण लावलं.